शाळेमागची वाडी

पुण्याहून ताम्हिणीचा घाट उतरून माणगांव व म्हसळें या मार्गानें श्रीवर्धनाकडे जाणाऱ्या प्रवाशास समुद्राचें दर्शन फार उशिरां घडतें. डोंगर आणि भाताचीं खाचरें यांतून वळणें घेत रस्ता शेवटीं खालीं उतरतो, आणि प्रथम दृष्टीस पडतो तो समुद्र नव्हे, तर माडपोफळींचा हिरवा पट्टा. समुद्र त्याच्या पलीकडे आहे, हें आधीं कानांना कळतें व मग डोळ्यांना. श्रीवर्धन हें बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचें मूळ गांव. १९४८ पर्यंत तें जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत मोडत असे. परंतु या गांवाचें नांव घरोघर पोंचविलें तें इतिहासानें नव्हे, तर सुपारीनें. येथील रोठ्याला पानाच्या तबकांत जो मान आहे, तो आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको.

हा हिरवा पट्टा आज पूर्वीसारखा सलग राहिलेला नाहीं. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस याच किनाऱ्यावर चढलें, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर व बाणकोटच्या खाडीपलीकडील केळशी, आंजर्लें या गांवांतील पिढ्यान् पिढ्यांचीं आगरें कांहीं तासांत भुईसपाट झालीं. माड पडला म्हणजे एक माडच गेला, असा याचा हिशेब नसतो. पोफळ ही सावलींत वाढणारी. माथ्यावरचें छत्र गेलें म्हणजे पश्चिमेच्या उन्हानें तिचें खोड भाजतें, त्याला चिरा पडतात, आणि वादळांत वांचलेली पोफळ पुढें दोन-तीन वर्षांनीं स्वच्छ आकाशाखालीं मोडून पडते. शिवाय गेलेला माड पुन्हां लावला तर त्यास फळ धरावयाला सहा-सात वर्षें तरी लागतात. शेतकऱ्याचें भात बुडालें तर तो पुढच्या मृगाची वाट पाहतो. बागाइतदाराला मात्र मुलाच्या मुंजीपासून लग्नापर्यंत वाट पाहावी लागते.

अशाच एका वाडीची ही हकीकत आहे. ती कोणा बागाइतदाराची नव्हे. श्रीवर्धन तालुक्यांतील एका लहान वस्तीच्या मराठी शाळेमागची ती वाडी. शाळेचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. चार खोल्यांच्या शाळेला प्रसिद्धि सोसवत नाहीं, आणि जें येथें घडलें तें अन्यत्रही घडूं शकेल, एवढ्याचसाठीं तें सांगावयाचें आहे. आमची एक जुनी विद्यार्थिनी त्या शाळेवर शिक्षिका आहे. २०२२ च्या उन्हाळ्यांत तिनें कळविलें कीं, “गुरुजी, शाळा सुरू होतांना एकदां येऊन जा. आमची वाडी पुन्हां उभी करावयाची आहे, आणि ती कशी होती हें सांगणारें मूलच शाळेंत उरलेलें नाहीं.”

या शेवटच्या वाक्यांत सारा प्रश्न आला होता. वादळापूर्वी त्या शाळेमागें सुमारें दोन गुंठ्यांची सुरेख वाडी होती. सहा माड, विसेक पोफळी, केळी, अळू, विहिरीवरून येणारी दगडी सारण, आणि तिच्या दोहों अंगांस मुलांचे भाजीचे वाफे. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाली, जूनमध्यें वादळानें छपराचे पत्रे आणि चार माड नेले, आणि नंतर दोन वर्षें शाळेचें दार कधीं उघडें तर कधीं बंद असें चाललें. त्या वेळीं जीं मुलें सहावी-सातवींत होतीं तीं हायस्कुलांत गेलीं. पहिलींत नांव घातलेलीं मुलें शाळेचें अंगण न पाहतांच तिसरींत आलीं. झाडें पडलेलीं डोळ्यांना दिसतात. पण मोठ्या मुलाकडून लहान मुलाकडे जाणारें ज्ञान मधल्यामध्यें तुटलें तर तें तुटल्याचा आवाजही होत नाहीं. सारण कोठून जाते, विहिरीच्या कोणत्या कोपऱ्यांत पाय ठेवूं नये, अळू कोणत्या बाजूस माजतो, हें कोणत्याही क्रमिक पुस्तकांत लिहिलेलें नसतें. तें एका इयत्तेनें दुसरीस दाखवावयाचें असतें.

आम्ही गेलों तेव्हां ज्येष्ठ उलटला होता व पावसाच्या दोन-चार सरी पडून गेल्या होत्या. वाडीच्या जागीं रानमोडीचें व घाणेरीचें माणूसभर उंच रान होतें, आणि त्यांत पडलेल्या माडांचीं खोडें काळीं पडून भुसभुशीत झालेलीं होतीं. शाळेचा पट एकोणीस. पहिली ते पांचवी मिळून अकरा मुलें व सहावी-सातवीचीं आठ. बाईंनीं पहिल्या दिवशीं कोणाच्या हातांत कोयता अथवा कुदळ दिली नाहीं. त्यांनीं सर्वांना उरलेल्या दोन माडांखालीं उभें केलें आणि विचारलें, “वर पाहा. कांहीं वेगळें दिसतें का?”

पुष्कळ वेळ कोणास कांहींच दिसेना. मग चौथींतली एक मुलगी म्हणाली, “बाई, झावळ्या कातरीनें कापल्यासारख्या दिसतात.” आणि खरोखरच प्रत्येक नव्या झावळीच्या दोन्ही अंगांस त्रिकोणी खांचा पडलेल्या होत्या. हें काम गेंड्या भुंग्याचें. हा भुंगा माडाच्या कोंवळ्या सुईंत शिरून ती कुरतडतो. सुई उलगडून झावळी झाली म्हणजे तोच घाव पंख्याच्या नक्षीसारखा उघडा पडतो. परंतु भुंगा वर असला तरी त्याचें घर खालीं असतें. कुजणारें लांकूड व शेणखताचा ढीग यांत त्याच्या पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड अळ्या वाढतात. बाईंनीं हें सांगितलें नाहीं; एवढेंच विचारलें कीं, “हा राहत कोठें असेल?” मुलें दोन दिवस शोधीत होतीं. तिसऱ्या दिवशीं एका मुलानें पडलेल्या खोडाची साल उपटली, आणि आंत अळ्यांची वस्तीच निघाली. जो माड वादळानें पाडला, तोच आतां उभ्या माडाला मारीत होता! ही गोष्ट त्या एकोणीस मुलांना जशी समजली, तशी ती फळ्यावर खडूनें काढून समजली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

त्यामुळें पहिलें काम आपोआप ठरलें. पालक मंडळींनीं खोडें फोडून बाहेर काढलीं व जाळलीं. मुलांनीं अळ्या वेंचून पत्र्याच्या डब्यांत गोळा केल्या. एक लहान मुलगा त्या मारण्यास तयार होईना. त्याला कोणी रागें भरलें नाहीं. डबा कोंबड्यांपुढें रिता करण्यांत आला, आणि तो मुलगा सायंकाळपर्यंत कोंबड्यांशीं बोलला नाहीं.

सारणीचा पत्ता मात्र लागेना. तेव्हां हायस्कुलांत गेलेल्या दोन मुलींना शनिवारीं बोलावण्यांत आलें. दोघी रानांत शिरल्या, एकमेकींशीं थोडें भांडल्या, आणि एकीनें पायानें माती उकरून दाखविली. खालीं जांभ्या दगडाची सारण जशीच्या तशी शाबूत होती. त्या दिवसापासून बाईंनीं एक वही घातली. तिच्यावर ‘वाडीची वही’ एवढेंच लिहिलें, आणि वाडींत जें जें करावयाचें, जें जें बिघडावयाचें, तें तें मुलांनीं आपल्या हातानें त्यांत लिहावें, असा नेम केला.

शाळेंत बाग असावी ही कल्पना नवी नाहीं. जर्मनींत फ्रोबेल यानें १८४० सालीं आपल्या बालशाळेस ‘मुलांची बाग’ या अर्थाचें नांव दिलें तें केवळ अलंकार म्हणून नव्हे. त्याच्या योजनेंत प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा असे, आणि त्याखेरीज सर्वांनीं मिळून राखावयाची सामायिक जागा असे. आपल्याकडे १९३७ च्या आक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या परिषदेंत महात्माजींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारां शिक्षण देण्याची कल्पना मांडली, आणि शेतीला त्या नई तालमींत स्थान मिळालें. पुढें ताराबाई मोडकांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्राम बालशिक्षणाचें कार्य मांडलें, व १९५७ पासून तें कोसबाडच्या टेकडीवर चाललें. हीं नांवें आम्ही पांडित्यासाठीं घेत नाहीं. या सर्वांच्या हातीं मूल आणि माती यांची गांठ पडली होती, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

परंतु इतकी थोर परंपरा असूनही शाळांच्या बागा टिकत कां नाहींत? आमच्या अनुभवाप्रमाणें याचें कारण अवर्षण नव्हे. शाळेची बाग दोन गोष्टींनीं मरते: शिक्षकाच्या बदलीनें आणि उन्हाळ्याच्या सुटीनें. जून ते मार्च जिला शंभर हात असतात, तिला वैशाखांत एक घागर घालणारें कोणी नसतें. महामारीनें केलें तें नवीन कांहीं नव्हतें. दरवर्षीं सहा आठवडे होणारी उपेक्षा तिनें दोन वर्षांपर्यंत लांबविली, इतकेंच. म्हणून बाग पुन्हां उभी करावयाची तर प्रथम बियाण्याचा नव्हे, सुटीचा विचार केला पाहिजे. या शाळेनें तो केला. शाळेजवळच्या सात घरांनीं आठवड्याचे सात वार वांटून घेतले. ज्या घरचा वार, त्या घरचें मूल आणि त्याच्याबरोबर कोणीही एक मोठें माणूस सकाळीं शिंपणें करील, असें ठरलें. एका घरचें मूल मुंबईस गेलें होतें. त्याच्या आजीनें त्याचा वार चुकूं दिला नाहीं.

पहिल्या पावसाळ्यांत मुलांनीं मांडव घालून पडवळ, दोडकीं, कारलीं व काकडी लावली. दिवाळीनंतर लाल माठ, मुळा, वांगीं आणि वाल. कोणी म्हणेल, यांत शिक्षण तें काय? त्याचें उत्तर गणिताच्या तासाला मिळालें. शाळेंतील मध्यान्ह भोजनाची जी केंद्रीय योजना १९९५ सालीं सुरू झाली व २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण’ या नांवानें चालते, तींत पांचवीपर्यंतच्या मुलास रोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी असावी, असें प्रमाण आहे. बाईंनीं फळ्यावर प्रश्न घातला: आपल्या शाळेस रोज किती भाजी पाहिजे? अकरा मुलांचे ५५० ग्रॅम, आठ मुलांचे ६०० ग्रॅम, मिळून १ किलो १५० ग्रॅम. आणि महिन्याचे बावीस दिवस धरले तर २५ किलो ३०० ग्रॅम. मग मुलें दररोज तराजू घेऊन बसूं लागलीं. ऐन हंगामांतही वाडी गरजेच्या निम्म्याच्या आंतबाहेरच राहिली. पण उणें किती पडलें, कशानें पडलें, आणि कोणता वाफा आळशी आहे, हें सांगावयास त्यांना कोणी लागत नसे. कारलें न खाणारीं मुलें स्वतः लावलेलें कारलें खाऊं लागलीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. एकोणिसांपैकीं सहाजणांनीं खाल्लें. बाकीच्यांनीं तें आनंदानें तोडलें आणि सहाजणांना दिलें.

२०२३ च्या ज्येष्ठांत आम्ही दुसऱ्यांदां गेलों तें माड लावण्याच्या वेळीं. त्याआधीं पालकांच्या बैठकींत एक वाद झालेला होता, आणि तो वाद या लेखाचा गाभा आहे. एक पोक्त गृहस्थ, जे स्वतः उत्तम बागाइतदार आहेत व ज्यांचीं दीडशें झाडें वादळांत गेलीं आहेत, ते उठून म्हणाले, “बाई, भाजी लावा, फुलें लावा, आमची ना नाहीं. पण माड कशाला? सात वर्षांनीं त्याला नारळ येणार. पट एकोणीस. सात वर्षांनीं येथें शाळा असेल का?” कोणीच कांहीं बोललें नाहीं, कारण प्रश्न खोटा नव्हता. वस्तींतलीं तरुण कुटुंबें मुंबईस जात आहेत. वीसच्या आंतला पट ज्या शाळांचा आहे, त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार असतेच. आणि पुढें त्याच वर्षीं कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यांत उघडपणें मांडला गेला. आमच्यासारखा बाहेरचा मनुष्य अशा वेळीं धीराचे चार शब्द बोलूं शकतो. परंतु ज्यानें दीडशें झाडें गमावलीं त्यास झाडाच्या आयुष्यावर व्याख्यान देणें हा शहाणपणा नव्हे.

बाईंनीं उत्तर दिलें तें साधें होतें. त्या म्हणाल्या, “दादा, पहिलींतलें मूल सातवींतून बाहेर पडतें त्याला सात वर्षें लागतात. माडालाही तितकींच. यंदा पहिलींत चार मुलें येणार आहेत. चारच माड लावूं. शाळा राहिली तर शाळेचे. नाहीं राहिली तर माड वस्तीचे. शाळा उठली म्हणून माड थोडाच उठून जातो?” ते गृहस्थ कांहीं वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “खड्डे मला विचारून काढा. मागच्या वेळीं फार जवळ लावले होते.” ही त्यांची संमति.

खड्ड्यांच्या अंतरावरून आम्हांस आमची विद्या पाजळण्याची संधि मिळाली. सहाव्या शतकांत होऊन गेलेल्या वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय घातला आहे, आणि त्यांत दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम व बारा हात किमान, असें सांगितलें आहे. आज कृषिशास्त्र माडासाठीं साडेसात मीटर अंतर सांगतें. कोंपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतचा हात सुमारें ४५ सेंटिमीटर धरला तर सोळा हात म्हणजे ७ मीटर २० सेंटिमीटर होतात. चौदाशें वर्षांनंतरही दोहोंत एका पावलाचा फरक नाहीं. मुलांना हें ऐकून मौज वाटली, आणि त्यांनीं सुंभाच्या दोरीनें साडेसात मीटर अंतर धरून तें आपापल्या हातांनीं मोजावयास घेतलें. सातवींतल्या मुलीचे तेथें एकोणीस हात भरले, पहिलींतल्या मुलाचे पंचवीस. “मग खरा हात कोणाचा?” असें त्या पहिलींतल्या मुलानें विचारलें. मापें ठरवून घ्यावीं लागतात याचें कारण त्याला त्या क्षणीं जितकें कळलें, तितकें आम्हांस शिक्षकाच्या नोकरींत पुष्कळ वर्षें घालविल्यावर कळलें असावें.

रोपें लावलीं. श्रीवर्धनास दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें सुपारी संशोधन केंद्र आहे. पोफळी मात्र लगेच लावावयाच्या नाहींत, आधीं केळी वाढूं द्यावयाच्या व त्यांची सावली आली म्हणजे मग पोफळी, असा सल्ला त्याच बागाइतदारांनीं दिला. तालुक्यांतून आलेल्या एका पाहुण्यांनीं सुचविलें कीं, शाळांच्या परसबागांच्या स्पर्धा होत असतात, तेव्हां दर्शनी भागांत रंगीत फुलझाडें व रंगविलेले दगड असावेत, म्हणजे छायाचित्र चांगलें येईल. बाईंनीं आभार मानले. दर्शनी भागांत त्या वर्षीं भोपळ्याचा वेल होता, आणि तो तसाच राहिला.

त्यानंतर मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां गेलों. पट अठरावर आला होता. एक कुटुंब पनवेलीस गेलें होतें. चार माडांपैकीं तीन उत्तम वाढत होते व एकाची पालवी पिवळट होती. त्या गेलेल्या कुटुंबांतील मुलाचा माड तोच, असें लहान मुलें हळूच सांगत होतीं; मोठीं मुलें मात्र त्याला उन्हाची बाजू लागते असें म्हणत, आणि तेंच खरें होतें. वादळांतून उरलेल्या दोन माडांच्या नव्या झावळ्या मात्र बिनखांचेच्या, अखंड उलगडल्या होत्या.

वाचकहो, देवदर्शनासाठीं अथवा मुलांना समुद्र दाखविण्यासाठीं आपण सहकुटुंब या किनाऱ्यावर जातां. वस्तीवस्तींतून कौलारू शाळा रस्त्याच्या कडेस दिसतात. त्यांच्या पुढच्या भिंतीवरील सुविचार वाचून पुढें न जातां, बाईंची अथवा गुरुजींची परवानगी घेऊन एकदां मागच्या बाजूस जावें. आपल्या घरचीं मुलेंही बरोबर न्यावींत. तेथें वाडी असेल तर तेथील मुलांना ती दाखवूं द्यावी. उपदेश करूं नये व खाऊही वांटूं नये. फार तर एखादें चांगलें बियाणें, नांव व जात लिहून, शाळेच्या हवालीं करावें. जेथें वाडी नसेल तेथें शिंपण्याच्या सात वारांना सात घरें मिळतात का, एवढें विचारून पाहावें, जमीन त्यानंतर.

‘वाडीच्या वही’चीं शेवटचीं पानें आम्हीं निघण्यापूर्वी वाचलीं. पुढच्या चैत्रांत सातवींतून जाणाऱ्या मुलीनें मागें राहणाऱ्यांसाठीं तीं लिहिलेलीं आहेत. अक्षर ठळक, शुद्धलेखन बेताचें. तींत लिहिलें आहे: सारणीचा तिसरा दगड हलतो, त्यावर उभें राहूं नये. शेणखताचा ढीग माडापासून लांब ठेवावा, नाहींतर भुंगा येतो. चौथ्या माडाला दुपारीं पश्चिमेचें ऊन लागतें. झाप वाळला कीं लगेच दुसरा बांधावा. गुरुवारचें पाणी आमच्या घरचें आहे. मी हायस्कुलांत गेलें तरी तें मीच घालीन, कोणी घालूं नये.